दोन घरांचा यजमान

आपल्याकडील समीक्षेत 'सेतू' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एखादा कवी दोन भाषांत लिहितो, म्हणून तो दोन संस्कृतींमधला सेतू. एखादी लेखिका एका प्रांतात जन्मली व दुसऱ्या प्रांतात वाढली, म्हणून तीही सेतूच. गौरवग्रंथांत, स्वागताच्या भाषणांत आणि दुर्दैवाने शोधप्रबंधांतही हा शब्द अशा थाटात येतो की, दोन ठिकाणी असणे म्हणजेच त्या दोन ठिकाणांना जोडणे, हे जणू स्वयंसिद्ध आहे. त्याच्या जोडीला 'नेटवर्क', 'कनेक्टिव्हिटी' ही मंडळीही आली आहेत. संगणकविद्येतून शब्द उसने घ्यायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र उसना शब्द घेताना त्याच्यामागची वस्तू एकदा तरी पाहून घ्यावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी नसावी. ती पाहिली तर हाती येणारा निष्कर्ष सेतूवाद्यांना सोयीचा नाही. एकच संगणक एकाच वेळी दोन स्थानिक जाळ्यांना जोडता येतो, तो दोन्हीकडे पूर्णपणे हजर असतो, आणि तरीही कोणी मुद्दाम तसे ठरवल्याखेरीज तो इकडचे एक अक्षरही तिकडे नेत नाही.

त्या संगणकाचा व्यवहार येथे जरा तपशिलाने सांगायचा आहे. साहित्याच्या वाचकाने थोडा धीर धरावा. रूपक जितके नेमके, तितके ते उपयोगाचे. आणि रूपकाचा नेमकेपणा वस्तूच्या तपशिलातूनच येतो.

उदाहरण आपल्याच परिसरातले घेऊ. समजा, एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात एक संगणक आहे. महाविद्यालयाच्या सर्वसाधारण जाळ्याची केबल त्याला जोडलेली आहे. त्या जाळ्यातून इंटरनेटवर जाता येते. शेजारच्या खोलीत हस्तलिखितांचा संग्रह आहे. पोथ्यांची पाने स्कॅन करून एका सर्व्हरवर ठेवली आहेत, आणि तो सर्व्हर, स्कॅनरचा संगणक व आणखी दोन-तीन यंत्रे मिळून एक छोटे वेगळे जाळे झाले आहे. हे जाळे जाणूनबुजून बंदिस्त ठेवलेले आहे. त्याला बाहेरचा रस्ता नाही. विभागातल्या संगणकावर बसून पोथीही पाहता यावी आणि इंटरनेटवरचा कोशही उघडता यावा, म्हणून त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवतात व हस्तलिखितांच्या खोलीतून आलेली केबल त्याला लावतात. हे कार्ड संगणक उघडून आत बसवता येते, यूएसबीला लावायचे अडॅप्टरही मिळते. एक जोड केबलने आणि दुसरा वाय-फायने घेतला तरी तत्त्व तेच. एक यंत्र, दोन दारे, दोन मोहल्ले.

येथे पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट दिसते. आपण सहज 'संगणकाचा पत्ता' म्हणतो. पण या व्यवस्थेत पत्ता यंत्राला नसतो, दाराला असतो. महाविद्यालयाच्या बाजूच्या कार्डाचा पत्ता समजा १९२.१६८.१.२५ आहे, आणि पोथ्यांच्या बाजूच्या कार्डाचा १०.०.०.५. महाविद्यालयाच्या जाळ्यात या यंत्राला पहिल्या पत्त्याने ओळखतात, पोथ्यांच्या जाळ्यात दुसऱ्या. दोन्ही नावे एकाच देहाची आहेत हे त्या देहालाच ठाऊक; शेजाऱ्यांना ते माहीत असण्याचे कारण नाही. प्रत्येक पत्त्याबरोबर एक 'मास्क' दिलेला असतो. पत्त्याचा कितवा भाग मोहल्ल्याचा आणि कितवा घराचा, हे त्यावरून कळते. तेवढ्यावरून संगणक ठरवतो की, अमुक पत्ता आपल्याच आळीतला आहे, म्हणजे थेट हाक मारावी. आणि तमुक आळीबाहेरचा आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती निरोप द्यावा.

इंटरनेटवरील यंत्रांनी कसे वागावे याचे संकेत ज्या दस्तऐवजांत नोंदलेले आहेत, त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांपैकी क्रमांक ११२२ हा ऑक्टोबर १९८९ मधला, रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेला दस्तऐवज आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वापरणाऱ्याच्या समोर असलेल्या यंत्राला तो 'होस्ट' म्हणतो, म्हणजे यजमान. आणि ज्या यजमानाला एकापेक्षा अधिक पत्ते आहेत त्याला 'मल्टिहोम्ड', म्हणजे बहुगृही. या संज्ञेने मराठी वाचकाचे कुतूहल जागे व्हायला हवे. आपल्या म्हणीत दोन घरचा पाहुणा असतो आणि तो उपाशी राहतो. तंत्रज्ञांच्या परिभाषेत दोन घरांचा आहे तो यजमान. पाहुणा की यजमान, हा फरक केवळ शब्दांचा नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

हा बहुगृही यजमान एका दाराने आलेला, पण दुसऱ्या दारापलीकडच्या कोणासाठी असलेला निरोप पुढे पाठवील का? दस्तऐवजाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. पुढे पाठवण्याची क्षमता यंत्रात असली, तर ती बंद करण्याचा खटका असलाच पाहिजे, आणि मुळात तो खटका बंदच असला पाहिजे. लिनक्स असो की विंडोजची घरगुती-कार्यालयीन आवृत्ती, तेथे आजही हीच स्थिती असते: निरोप पुढे नेण्याची सोय आत आहे, पण ती सुरू नाही. शिवाय, ज्या यजमानाने ती सुरू केली त्याला गेटवेसाठी असलेले सर्व नियम पाळावे लागतील, असेही दस्तऐवज बजावतो. सेतू होणे हा वेगळा निर्णय आहे, आणि त्या निर्णयाबरोबर वेगळी जबाबदारी येते. जबाबदारी न घेता केवळ दोन दारे आहेत म्हणून वाट काढून देणारे यंत्र हा त्या विद्येत दोष मानला जातो. आपल्या उदाहरणात तर ते उघडच आहे. हा खटका कोणी विचार न करता दाबला, तर ज्या पोथ्या बंदिस्त ठेवायचे ठरले होते त्यांचे एक दार महाविद्यालयाच्या जाळ्याकडे उघडले जाईल, आणि ज्यांनी ते बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता त्यांना याची खबरही नसेल.

आपल्या परंपरेत या अवस्थेला एक सुंदर नाव आहे: देहलीदीपन्याय. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही. पण तो आतल्या माणसांना बाहेर नेत नाही. दोन भाषांत लिहिणारा लेखक बहुतेक वेळा असा उंबरठ्यावरचा दिवा असतो. त्याच्यामुळे दोन्ही बाजू उजळतात, हे त्याचे कार्य पूर्ण आहे. त्याने वाहतूकही केली पाहिजे ही अपेक्षा आपली; आणि ती पुरी झाली नाही म्हणून त्याला उणे लेखणे हा आपला अन्याय.

अरुण कोलटकरांचे उदाहरण येथे आपोआप डोळ्यांसमोर येते. इंग्रजी 'जेजुरी' १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली, १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, आणि त्याच १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह प्रसिद्ध झाला. एकाच काळात दोन्ही दारे उघडी होती. परंतु मराठी संग्रह म्हणजे 'जेजुरी'चे मराठी रूप नव्हे, आणि 'जेजुरी' म्हणजे मराठी कवितांची इंग्रजी आवृत्ती नव्हे. आपल्या काही मराठी कविता कोलटकरांनी स्वतः इंग्रजीत नेल्या हे खरे. पण ती निवडक, एकेका कवितेपुरती कृती होती, कायम उघडा ठेवलेला मार्ग नव्हता. मराठी 'जेजुरी' पुस्तकरूपाने आली ती २००४ मधील त्यांच्या निधनानंतर. त्यांना 'मराठी व इंग्रजीमधला सेतू' म्हणणारा समीक्षक त्यांचा गौरव करत असेल, पण त्यांच्या कवितेचे वर्णन करत नसतो.

याच दस्तऐवजात आणखी एक बारकावा आहे. यजमानाच्या दुसऱ्या दाराचा पत्ता घातलेला निरोप पहिल्या दाराशी आला, तर त्याने तो स्वीकारावा का? एक मत असे की, दोन्ही पत्ते माझेच, दार कोणते का असेना, निरोप मला पोचला. दुसरे मत असे की, ज्या दाराचा पत्ता त्याच दाराने यावे, एरवी निरोप टाकून द्यावा. पहिल्याला सैल आणि दुसऱ्याला कडक यजमान म्हणता येईल. दस्तऐवजाने दोन्ही मते नोंदवली आणि निवाडा केला नाही. पुढे लिनक्सने साधारणतः सैल पद्धत ठेवली, तर विंडोजने व्हिस्टापासून कडक पद्धत स्वीकारली. द्वैभाषिक कवीच्या समीक्षेत नेमका हाच वाद आहे. मराठी कवितेला विचारायचे प्रश्न इंग्रजी कवितेच्या दाराशी नेले, तर कवी त्यांचे उत्तर देणे लागतो का? दोन्ही भूमिका सुसंगत आहेत. आपण कोणती घेतली आहे हे न सांगता लेखाच्या पूर्वार्धात सैल आणि उत्तरार्धात कडक होणे तेवढे सुसंगत नाही, आणि आपल्याकडे सर्रास घडते ते हेच.

आता म्हणीकडे येऊ. दोन घरचा पाहुणा उपाशी का राहतो? प्रत्येक घर समजते की तो दुसरीकडे जेवला असेल. दोन जाळ्यांतल्या संगणकावर ही वेळ येते ती 'डीफॉल्ट गेटवे'मुळे. आळीतल्या घरांना संगणक स्वतः हाक मारतो; आळीबाहेरचे, अपरिचित असे जे काही असेल ते सारे तो एका ठरलेल्या दाराशी सोपवतो. गावाच्या वेशीसारखे हे दार. परगावी कोठेही जायचे तरी पहिल्यांदा वेशीपर्यंत जायचे. पुढचा रस्ता वेशीवरच्याला ठाऊक. नवशिका तंत्रज्ञ दोन्ही कार्डांना आपापली वेस नेमून देतो, आणि आता आपल्याला दोन वाटा झाल्या अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात यंत्र त्यांपैकी ज्या वाटेचा खर्चांक कमी असेल ती धरते. ती पोथ्यांच्या बाजूची निघाली, तर इंटरनेटसाठीचा प्रत्येक निरोप बंदिस्त खोलीत जाऊन विरतो. कार्डे धड, केबल धड, तरी संगणक उपाशी. असे दोन गेटवे नेमू लागले की विंडोज इशाराही देते, की ही सोय एकाच जाळ्याला पर्यायी वाट म्हणून आहे, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन जाळ्यांसाठी नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि विचार करण्याजोगा आहे. अज्ञाताकडे जाणारी वेस एकच ठेवायची. दुसऱ्या बाजूचे जे काही पल्ल्यात हवे असेल, त्याची नोंद मार्गांच्या तक्त्यात स्वतंत्रपणे, नावानिशी करायची: अमुक मोहल्ला, तमुक दार. तक्त्याचा नियम असा की, जी नोंद अधिक नेमकी तिचा मान मोठा. सर्वसाधारण वेशीकडे यंत्र वळते ते नेमकी नोंद सापडली नाही तरच. म्हणजे वेस बदलण्याचे कारण नसते. नोंदी वाढवण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात, आणि ते कोणीतरी हाताने घ्यावे लागतात.

प्रस्तुत लेखकाला जे म्हणायचे आहे त्याचा गाभा येथे आहे. आपल्या मराठी विभागांची डीफॉल्ट वेस इंग्रजी आहे. मराठीबाहेरचे जे जे काही, मग ते फ्रेंच असो, रशियन असो की शेजारच्या कर्नाटकातले, त्याचा निरोप आपण न पाहता इंग्रजीच्या वेशीवर सोपवतो. फ्रेंचच्या बाबतीत त्याला इलाज नसेल. पण कन्नड ही तर आपल्याला लागून असलेली आळी आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात दोन्ही भाषा जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. केबल घरापर्यंत आलेली आहे, कार्डही बसलेले आहे. नोंद तेवढी केलेली नाही. परिणामी मराठीचा विद्यार्थी कन्नड कादंबरीवर लिहितो तेव्हा तिचे इंग्रजी भाषांतर वाचतो, इंग्रजीतली समीक्षा वाचतो, आणि त्या वाटेने आलेल्या प्रश्नांनाच कन्नड कादंबरीचे प्रश्न समजतो. निरोपावर शेवटच्या दाराचा शिक्का असतो. मूळ कोणी धाडला ते पुसले गेलेले असते.

नेमकी नोंद करता येते, याचे पुरावे आपल्याच वाङ्मयेतिहासात आहेत. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या बंगालीतून मराठीत आणल्या, आणि शरच्चंद्र अनेक मराठी घरांत घरचेच झाले. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून थेट मराठीत आणल्या, आणि भैरप्पांना मराठीत जो वाचकवर्ग लाभला तो इंग्रजीच्या वेशीवरून आलेला नाही. साने गुरुजींची आंतरभारतीची कल्पना तरी दुसरे काय मागत होती? प्रत्येक भाषेने प्रत्येक शेजारणीशी आपले स्वतंत्र दार राखावे, एवढेच. या कामाला आपण 'सेवा' म्हणून वाकून नमस्कार करतो. अभ्यासक्रमात मात्र त्याची नोंद करत नाही. मराठीच्या एम.ए.ला शेजारच्या एका भाषेचे वाचनापुरते ज्ञान सक्तीचे करणे हे अशा नोंदीचे सर्वांत सोपे रूप ठरेल. इंग्रजीला हटवण्याचा हा प्रस्ताव नाही. वेस राहू द्यावी. पण शेजारच्या घरी जायलाही वेशीला वळसा घालणाऱ्याला गावकरी म्हणत नाहीत.

दोन जाळ्यांत राहण्याच्या आणखी एका अडचणीचा उल्लेख करायला हवा, कारण ती अधिक सूक्ष्म आहे. आरएफसी १९१८ या फेब्रुवारी १९९६ च्या दस्तऐवजाने काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले. १०, १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारे हे पत्ते कोणीही आपल्या अंतर्गत जाळ्यात वापरावेत. बाहेर त्यांना अर्थ नाही. सोय मोठी होती, म्हणून सर्वांनी तीच वापरली. आता समजा, महाविद्यालयाच्या जाळ्याने आणि पोथ्यांच्या जाळ्याने, परस्परांना न विचारता, १९२.१६८.१ हाच मोहल्ला निवडला. दोन्हीकडे 'घर क्रमांक १०' आहे. एकीकडे ते छपाईयंत्र आहे, दुसरीकडे पोथ्यांचा सर्व्हर. जोवर दोन्ही जाळी अलग होती तोवर कसलाही घोटाळा नव्हता. घोटाळा होतो तो दोन्हींत उभ्या असलेल्या त्या एका यंत्रापुरता. तेच आकडे, अर्थ दोन, आणि कोणता घ्यावा हे आकड्यांवरून कळत नाही.

परक्या शब्दापेक्षा समान शब्द अधिक फसवा असतो, हे भाषेच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा नामदेव ढसाळांच्या अपरिचित शब्दांची चर्चा पुष्कळ झाली. विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना हीच मुळी त्या अपरिचित जगाच्या दाराशी उभी आहे. अपरिचित शब्द वाचकाला निदान थांबवतो. अर्थ विचारायला लावतो. खरा चकवा 'घर', 'रात्र', 'माणूस', 'शहर' अशा शब्दांत असतो. हे शब्द सदाशिव पेठेतही आहेत आणि कामाठीपुऱ्यातही. पांढरपेशा वाचक तेथे थांबत नाही. त्याच्या तक्त्यात त्या शब्दांची नोंद आधीच असते. निरोप चुकीच्या घरी पोचतो, आणि पोचल्याचा आनंद मात्र खरा वाटतो. तंत्रज्ञ अशा वेळी एका जाळ्याचे पत्ते बदलून घेतात. साहित्यात ते शक्य नाही, इष्टही नाही. तेथे प्रत्येक शब्दापाशी 'कोणत्या बाजूचा?' असे विचारण्याची सवय लावणे एवढाच उपाय उरतो.

येथे कोणी म्हणेल, की मग खराखुरा 'ब्रिज' नावाचा प्रकारही संगणकविद्येत आहेच की. आहे. दोन कार्डांची निवड करून त्यांचा ब्रिज बनवण्याची सोय विंडोज एक्सपीपासून साध्या वापरणाऱ्यालाही मिळाली. पण ब्रिज काय करतो हे पाहावे. तो दोन जाळ्यांना जोडून त्यांचे एकच जाळे करतो. एकीकडे 'सर्वांनी ऐका' म्हणून मारलेली हाक दुसरीकडेही ऐकू जाते. दोन मोहल्ल्यांमधला भेदच उरत नाही. आणि असे दोन-तीन पूल एकमेकांना समांतर पडले, म्हणजे वाटेचे वर्तुळ झाले, तर एकच हाक फिरून फिरून येते, प्रत्येक फेरीत वाढते, आणि थोड्याच वेळात जाळ्यात तिच्याखेरीज दुसरे काही उरत नाही. चर्चासत्रांतून चर्चासत्रांत फिरत, प्रत्येक फेरीत मोठे होत जाणारे एखादे विधान ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा प्रकार अधिक समजावण्याची गरज नाही.

या संकटावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी शोधला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना, १९८५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. सगळे पूल आपसात निरोपांची देवघेव करून एक मूळ ठरवतात, आणि त्या मुळापासून प्रत्येक जाळ्यापर्यंत एकच वाट राहील अशा बेताने बाकीच्या वाटा मिटून घेतात. मिटलेल्या वाटा तोडून टाकत नाहीत. चालू वाट तुटली तर त्या जाग्या होतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष वाटावे असे की, या शोधनिबंधाच्या सारांशाच्या जागी पर्लमन यांनी एक कविता दिली. तिचे नाव 'अल्गोराइम', आणि ती जॉइस किल्मर यांच्या 'ट्रीज' या १९१३ मधल्या प्रसिद्ध कवितेच्या वळणावर लिहिलेली आहे. वृक्षाची कविता घेऊन वृक्षाकार रचनेचा सिद्धांत सांगणे, ही केवळ गंमत नव्हे. रूपक आधी आणि वस्तू नंतर, असा आपला शिरस्ता. पर्लमन यांनी वस्तू पुरती हस्तगत केली, आणि मगच रूपकाला हात घातला.

मग ज्यांनी खरोखरच एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेले, त्यांना काय म्हणावे? त्यांच्यासाठीही ही विद्या 'ब्रिज'हून चांगला शब्द देते. बंदिस्त जाळे आणि बाहेरचे जग यांमध्ये कधी कधी दोन कार्डांचे एक यंत्र मुद्दाम उभे करतात आणि त्याचा वाहतुकीचा खटका बंदच ठेवतात. कोणतेही पाकीट त्यातून आरपार जात नाही. त्याऐवजी त्यावर 'प्रॉक्सी' नावाचा मुखत्यार बसवलेला असतो. एका बाजूची मागणी तो स्वतः ऐकून घेतो, तिचा अर्थ लावतो, दुसऱ्या बाजूला आपल्या नावाने नवी मागणी करतो, आलेले उत्तर तपासतो आणि पुन्हा आपल्या नावाने मूळ मागणाऱ्याला देतो. राउटर पाकिटावरचा पत्ता वाचतो. मुखत्याराला आतले पत्र वाचावे लागते. तो सावकाश असतो, त्याला दोन्हीकडचे रीतिरिवाज यावे लागतात, आणि जे त्याला कळत नाही ते तो पुढे पाठवू शकत नाही.

भाषांतरकाराचे याहून नेमके वर्णन सहसा सापडत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. बायबलमधील कथा त्याने मराठी ओवीत आणली, सुमारे ११ हजार ओव्यांत. त्याने पाकीट पुढे ढकलले नाही. येथल्या श्रोत्याला 'पुराण' म्हणजे काय अपेक्षित असते हे ऐकून घेऊन त्याने ती कथा नव्याने, आपल्या नावाने सांगितली. दिलीप चित्रे यांनी मराठीत 'पुन्हा तुकाराम' संपादित केले, आणि १९९१ मध्ये 'सेज तुका' हा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. एका दाराशी तुकारामाची नवी निवड, दुसऱ्या दाराशी तुकारामाचा नवा उच्चार. दोन्ही ठिकाणी जबाबदारी चित्र्यांची, आणि ती त्यांनी आपली म्हणून घेतली. पुलाला कोणी जाब विचारत नाही, म्हणून भाषांतरकाराला पूल म्हणणे हा त्याला जाबदारीतून वगळण्याचा, म्हणजेच कर्तेपणातून वगळण्याचा प्रकार आहे.

माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हा आक्षेप येणारच. तो मान्य आहे, आणि एका जागी तो फार खराही आहे. यंत्रातला खटका बंद तर बंद. माणसाच्या मनात एका भाषेचा ओलावा दुसरीत झिरपतोच. कोलटकरांच्या इंग्रजी ओळीत मराठी कान आहे, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. दोन भाषा एका मनात असतात तेव्हा त्यांच्यामधली भिंत ओलीच असते. पण झिरपणे निराळे आणि नेणे निराळे. झिरपण्यावर लेखकाचा ताबा नसतो, नेण्यावर असतो. या दोहोंना एकाच 'सेतू'खाली कोंबले, की शैलीचा प्रश्न आणि निर्णयाचा प्रश्न यांची सरमिसळ होते. आणि मग दोहोंपैकी एकाचाही अभ्यास होत नाही.

तेव्हा शोधप्रबंधात 'सेतू' लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने चार साधे प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. हा लेखक कोणत्या बाजूला कोणत्या पत्त्याने ओळखला जातो? अज्ञाताकडे जाताना तो कोणत्या वेशीतून जातो, आणि ती वेस त्याने निवडली की त्याला नेमून दिली? तो काही नेतो का, आणि नेत असेल तर वरचा पत्ता पाहून नेतो की आतले पत्र वाचून? आणि पलीकडून उत्तर परत येण्याची वाट आहे का? हा शेवटचा प्रश्न सहसा विसरला जातो. विभागातल्या संगणकाने पोथ्यांच्या बाजूचा खटका सुरू केला, तरी पोथ्यांच्या सर्व्हरला उलट वाट सांगितलेली नसेल तर निरोप पोचतो आणि उत्तर हरवते. मराठीतून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकांविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्या पुस्तकांना तिकडून काय उत्तर आले, आणि ते मराठीत कोणाच्या वाचनात आले, याची चौकशी क्वचितच करतो.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, कारण वाढण्याचे काम तो दुसऱ्यांवर सोपवतो. दोन घरांच्या यजमानाला तशी मुभा नाही. कोणत्या दाराने काय येऊ द्यायचे आणि कोणते दार मिटलेले ठेवायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. आपले द्वैभाषिक लेखक हे काम करत आले आहेत. त्यांना पाहुणे समजून सेतूचे हारतुरे घालण्याऐवजी समीक्षेने त्यांच्या निर्णयांचा तक्ता वाचायला शिकावे. आणि विभागांनी आपल्या तक्त्यात शेजारच्या एका तरी घराची नोंद स्वतःच्या हाताने करावी.